गिरीशने सांगितलेला साहेबाचा सिनेमा

आमचा गिरीश दिवसभर लोकांची पोटं फाडतो, पण स्वतःच्या पोटातली गोष्ट आईपुढे काढायची त्याची छाती नाही. सर्जन म्हणे! अमेरिकेत, श्रूजबरीत एवढं घर, दारात दोन गाड्या, आणि आईला एक वाक्य सांगायला भाड्याची व्हिडिओ कॅसेट.

शहाऐंशी सालचा नोव्हेंबर. सण नाही, वार नाही, आणि मृणालिनीने श्रीखंड केलं. इकडचं आंबट क्रीम घालून केलेलं, पण केलं. सून माझी तशी गुणी. मात्र दुसऱ्यांदा वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिथेच मी समजले.

जेवणं आटोपल्यावर गिरीश म्हणाला, "आई, आज तुझ्यासाठी सिनेमा आणलाय. लंडनचा. फॅमिलीचा."

"मला कुठे इंग्रजी कळतं रे? चौथी शिकलेली बाई मी."

"मी सांगतो ना."

टीव्हीवर मोठं थोरलं घर, लांब टेबल, टोकाला म्हातारी. सून चहा ओततेय, मुलगा पाइप ओढतोय, म्हातारी कपाकडे बघतेय. शब्दाला कर बसल्यासारखे बोलत होते सगळे. याच लोकांनी आपल्यावर राज्य केलं! आमच्या घरी तेवढ्या वेळात दोन भांडणं होऊन एकदा समेट झाला असता.

मग तो मुलगा उठून खिडकीशी गेला आणि पाठ फिरवूनच काहीतरी बोलला. म्हातारीचा कप हातातच राहिला.

"काय म्हणाला?"

गिरीश खाकरला. "म्हणतो, आई, तू आता धाकट्याकडे राहा. तिकडे हवा छान आहे."

"आणि ती?"

"ती म्हणते, आनंदाने जाते."

म्हातारीने हातातला रुमाल पार पिळून काढला होता. हा साहेबाचा आनंद असेल तर मयताला ते पेढे वाटत असतील.

खाली गालिच्यावर आमची कांचन पॉपकॉर्न खात होती. अकरा वर्षांची, चार वर्षं तिच्याच खोलीत माझी खाट. ती ताडकन उठून बसली. "नो, डॅड! ती असं नाही बोलली. आजी, ती म्हणाली, माझ्याकडे बघून बोल. आणि धाकटा भाऊ नाहीच आहे. ते तिला ओल्ड पीपल्स होममध्ये पाठवतात."

मृणालिनी उठून भांडी घासायला गेली. मशीन असताना.

"धाकटा नाहीच?" मी म्हटलं. "मग सनीव्हेलचा आपला धाकटा, राजीव, लंडनात कुठून घुसवलास?"

गिरीशने कॅसेट थांबवली.

"तिकीट कधीचं आहे?"

"अठ्ठावीसचं." मान खाली. "आई, कॅलिफोर्नियात बर्फ नाही. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे, आणि थंडी तुम्हाला वाजते होय?"

कांचनने माझा पदर धरला. "आजी, तू जाणार?" मी तिच्या हातातला पॉपकॉर्नचा वाडगा बाजूला ठेवला.

मग म्हटलं, "गिरीश, वर बघ. जाईन मी. राजीव काही परका नाही, तोही माझ्याच पोटचा. पण त्या गोऱ्या पोराने पाठ फिरवून का होईना, आपल्या तोंडाने सांगितलं. तू त्याचं तोंड उसनं घेतलंस, आणि त्यातही खोटं बोललास. मुलगा म्हणून तू त्याच्याहून भित्रा निघालास."