नऊ नंबरची बस आणि दोन मापं पावडर

"बिघाड कुठलाही असो, पंधरा मिनिटांत सांगतो. मशीन फक्त चालू करून दाखवा."

वॉशिंग मशीनवाल्या गिऱ्हाइकांना मी हे वाक्य अठरा वर्षं ऐकवत आलोय. बायकोला दिवस गेले, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तिलाही तेच ऐकवलं.

"याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात. नावातच वेळ दिलीय. सकाळी एकदा झालं की दिवसभराची गॅरंटी."

"गॅरंटी?"

"लेखी देतो."

त्याच दिवशी दुपारी चार वाजता ती माझ्या हत्यारांच्या पिशवीत ओकली. बेसिन लांब होतं, पिशवी जवळ होती आणि उघडी होती. पक्कड, पाने, मीटर, कुणालाच वगळलं नाही.

"आणा ती लेखी गॅरंटी," तोंड पुसत ती म्हणाली. "तीपण यातच घालते."

पिशवी गेली, तिचं एवढं नाही. नवी घेतली. खरी पंचाईत वेगळीच होती. माझी बायको बस चालवते. चार वर्षं तिनं बदलीवर काढली. ज्याचा पाय मुरगळेल त्याची बस, ज्याच्या घरी लग्न असेल त्याची बस. यंदा कुठे तिला स्वतःचा मार्ग मिळाला. नऊ नंबर, पहिली फेरी पाच चाळीसला. आरसा तिच्या उंचीला लावलेला, सीटवर तिची उशी. आणि आता दोनदा असं झालं की तिला दोन स्टॉपच्या मधेच बस उभी करून खाली उतरावं लागलं. कुणा प्रवाशानं तक्रार ठोकली.

डॉक्टरांचं म्हणणं होतं, चक्कर येत नसेल तर सध्या गाडी चालवायला हरकत नाही. डेपो मॅनेजरची हरकत होती.

"बाई, आधी अभिनंदन," ते म्हणाले होते. "पण येत्या गुरुवारी पहिल्या फेरीला मी स्वतः बसणार. मधे कुठे बस थांबली, तर बाळंतपणापर्यंत तुम्हाला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवतो. तिथं पंखा आहे."

बायको घरी आली ती धुमसतच.

"तिथं चारशे छत्र्या आहेत आणि एक कवळी. नऊ नंबर सोडून मी कवळी सांभाळत बसू?"

"गुरुवारच्या आत बिघाड शोधतो," मी म्हटलं आणि वही काढली.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. एकेक भाग सुटा करायचा आणि तपासायचा. पहिला संशय डिझेलवर. डेपोतून डिझेलचं फडकं आणून मी तिच्या नाकाखाली धरलं. तिनं हुंगलं आणि म्हणाली, "छान वाटलं. कामावर असल्यासारखं." मी 'डिझेल: निर्दोष' असं लिहिलं. मग फ्रिज रिकामा केला, पडदे उतरवले, टूथपेस्ट बदलली. सगळ्यांना संशयित म्हणून बाहेर काढलं, तरी उलट्या चालूच.

सासूबाईंना फोन लावला.

"जावईबापू, काळजी नको, बाळाला जावळ भरपूर असणार," त्या म्हणाल्या. "हिच्या वेळी मी पाच महिने पायपुसणं बघूनसुद्धा ओकायचे."

मी पायपुसणं टाकून दिलं. संध्याकाळी ओल्या पायांनी आत आलो आणि फरशीवर सपशेल आडवा झालो. ती नोंद वेगळ्या पानावर आहे.

शनिवारी, सोमवारी मी पहाटे तिच्या बसमध्ये, बरोबर तिच्या मागच्या सीटवर वही घेऊन बसलो. दोन्ही दिवशी तिसरा स्टॉप यायच्या आत ती पांढरीफटक. स्टॉपपर्यंत कशीबशी दम धरायची आणि दार उघडलं की प्रवाशांच्या आधी तीच खाली.

"अहो मिस्त्री," सोमवारी ती म्हणाली, "तुम्ही मागे बसलात की जास्तच होतं."

"निरीक्षणाचं दडपण येतं," मी समजूत घातली आणि तेही लिहून ठेवलं.

मंगळवारी दवाखान्यात तपासणी होती. सिस्टर वयानं मोठ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी तेवीस नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली आणि बायकोकडे वळल्या.

"सकाळी काय खाऊन निघतेस?"

"काही नाही. खाल्लं तर उलटी होईल म्हणून."

"आणि न खाता?"

"होतेच."

"मग खाऊन तरी ओक! रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, बाळा. कोरडी बिस्किटं उशाशी ठेवायची. डोळे उघडले की पडल्या पडल्या दोन खायची, पंधरा-वीस मिनिटं लोळायचं आणि मग उठायचं. पुढे दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी घोट घोट."

"पण हे सकाळचंच असतं ना?" मी विचारलं.

"तसं नाव कुणी ठेवलं देव जाणे. दिवसात केव्हाही होतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, बहुतेकींचं चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. पाणीसुद्धा पोटात टिकेना, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, वजन उतरलं, तर मात्र वही लिहीत बसू नका. थेट इथं घेऊन या."

"म्हणजे बिघाड नक्की कुठला?"

"बिघाड कसला? मशीन चालू आहे, म्हणून आवाज येतोय."

अठरा वर्षं मी लोकांना हेच सांगून पंधरा-पंधरा मिनिटांत उठलोय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग सिस्टरांनी वही उघडली, चार पानं उलटली.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"तेवीसच्या तेवीस?"

"एकही चुकवली नाही," मी छाती फुगवून म्हणालो.

"म्हणजे तेवीसही वेळा तुम्ही जवळ होतात. रविवारी काहीच नाही?"

"रविवारी हे भावाकडे गेले होते," बायको सावकाश म्हणाली. तिचा चेहरा बदलत चालला होता. "आणि मी दिवसभर गाऊनमध्ये होते. झोपून, खाऊन."

सिस्टर टेबलावरून पुढे वाकल्या आणि त्यांनी मला हुंगलं. लग्नानंतर परक्या बाईनं पहिल्यांदाच.

"या दिवसांत नाक फार तिखट होतं. तुम्हाला कसला हो एवढा वास येतोय?"

वास पावडरचा. कंपन्या मला नमुने फुकट देतात. प्रत्येक मशीन दुरुस्त झालं की मी दोन मापं पावडर घालून चालवून बघतो. घरीही तीच. माझे शर्ट आणि बायकोचा युनिफॉर्म. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'सकाळची ताजी झुळूक'.

"तरीच!" बायको म्हणाली. "मला वाटत होतं, मी तुम्हालाच कंटाळले."

"मग?"

"पावडरला कंटाळले. तुमचं नंतर बघू."

त्या दिवसापासून मी पॅसेजमध्ये झोपायला लागलो. तिचा युनिफॉर्म साध्या पाण्यातून तीनदा काढला. माझ्या शर्टांनाही तीच शिक्षा. मी दुकानातच नुसत्या पाण्याने अंघोळ करून यायचो. बुधवारी तिला एकदाच उलटी झाली, तीही बस डेपोत लागल्यावर. तिनं मला बिस्किटाचा अर्धा तुकडा दिला. आमच्या घरात याला पदक म्हणतात.

गुरुवारी पाच चाळीस. बायको पडल्या पडल्या बिस्किटं खाऊन, लोळून, हसत निघालेली. मला शेवटची सीट, खिडकी उघडी, मांडीवर नवी पिशवी. फेरी झाली की तसाच कामावर जाणार होतो. मॅनेजर साहेब धावत आले आणि नेमके माझ्याच शेजारी बसले.

"घाई झाली हो," ते म्हणाले. "चहासुद्धा झाला नाही."

शेवटची सीट म्हणजे चाकाच्या डोक्यावर. बस टेकडीला लागली, वळणं सुरू झाली. पुढे बायको एका हातानं बिस्किट तोंडात टाकत होती, गाणं गुणगुणत होती. इकडे साहेब आधी गप्प झाले, मग पिवळे, मग हिरवट.

"बाईंना... जरा थांबवायला सांगा."

मी ओरडून सांगितलं. बायकोनं आरशातून बघितलं.

"साहेब, मधे थांबले तर खिडकी! स्टॉप चार मिनिटांवर आलाय, दम धरा!"

"रिकाम्या पोटी निघालात ना?" मी साहेबांना विचारलं आणि घड्याळ बघितलं. बस सुटून चौदा मिनिटं झाली होती. पंधराच्या आत बिघाड सापडला होता. साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाठोपाठ माझी पिशवी उघडली.

शेवटच्या थांब्यावर बायकोनं त्यांना दोन बिस्किटं दिली. ती खाऊन त्यांनी अहवाल लिहिला: 'बस वेळेवर. मधे कुठेही थांबली नाही. चालक ठणठणीत. नऊ नंबर यांच्याकडेच ठेवावी.' सही केली, एक प्रत तिला दिली आणि माझी पिशवी हट्टानं घरी नेली.

"मी केलेली घाण मीच धुणार."

संध्याकाळी बायको सोफ्यावर पाय पसरून तो कागद चौथ्यांदा वाचत होती. मला पॅसेजमधून सोफ्याच्या काठापर्यंत बढती मिळाली होती. "कवळीला कळवा," ती म्हणाली, "मी येत नाही." तेवढ्यात बेल वाजली. तीच उठली.

दारात साहेब, हातात पिशवी, झकपक.

"दोनदा मशीनला लावली," ते कौतुकानं म्हणाले आणि पिशवी तिच्या नाकाशी धरली. "दोन-दोन मापं घालून. वास तर बघा!"

वहीतली पंचविसावी नोंद: गुरुवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कारण, सकाळची ताजी झुळूक. ठिकाण, साहेबांचे बूट.