अखंड जपाचा प्लेअर

सकाळी सात वाजता मनोज गायधनी फ्रिजच्या डोक्यावर हात फिरवत होता. तिथं लाइटबिल होतं, बामची बाटली होती, एक सुकलेलं लिंबू होतं. प्लेअर नव्हता.

"आई, माझा गाण्याचा प्लेअर कुठंय?"

"देवळात दिला," यशोदाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "पहाटे त्यांचा जप वाजवायचा डबा बंद पडला. सहा दिवसांचा अखंड जप, मन्या, खंड पडायला आला होता. मी पळत आले अन् तुझं यंत्र नेऊन दिलं. फिरायला जाताना ऐकायला तूच नाही का त्यात जप भरून दिलेला?"

त्या प्लेअरमध्ये जप होता बोटभर, बाकी हातभर मनोजची नोकरी होती.

भानगड अशी होती. मनोज अंबडच्या एका कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहायचा. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. तिथं पेनड्राइव्हला बंदी. गेटवरचा वॉचमन सहादू खिसे तपासायचा, डबा तपासायचा, डब्यातली पोळीसुद्धा उलटून बघायचा. पेनड्राइव्ह सापडला की माणूस घरी. पण इअरफोन गुंडाळलेला जुनाट प्लेअर दिसला की तोच सहादू म्हणायचा, "ऐका साहेब, ऐका. गाण्यानं डोकं शांत राहतं." ज्यात गाणी मावतात त्यात काहीही मावतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मनोज तरी कशाला सांगेल? वर्षभर तो अपुरं काम 'भजने' नावाच्या फोल्डरमध्ये घालून सिडकोतल्या घरी आणत होता आणि पुरं करून परत नेत होता.

काल त्यानं पंपाच्या झाकणाचा प्रोग्राम आणला. रात्रीत दुरुस्त केला. दोन कॉप्या झाल्या की गोंधळ होतो, म्हणून कंपनीतून आणताना कॉपी न करता थेट कट केला होता. आज अकरा वाजता पुण्याची पार्टी ट्रायल बघायला येणार होती. झाकण नीट निघालं तर मनोज पर्मनंट. तसं देवरे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

तो चप्पल उलटीसुलटी घालून देवळात पळाला.

देवळात माणूस एकच, निवृत्ती अण्णा. सप्ताह समितीचे अध्यक्ष, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर. समोर बाबा आदमच्या जमान्यातला अँप्लिफायर, त्याला वायरनं जोडलेला मनोजचा प्लेअर, आणि त्याला टेकवून पुठ्ठ्याची पाटी: 'चालू आहे. हात लावू नये.' भोंग्यातून 'रामकृष्ण हरी' सगळ्या कॉलनीवर पसरत होतं. भिंतीवर पहाऱ्याच्या यादीत सोळा नावं होती. सहा दिवसांत त्यातलं एकही जपाला बसलं नव्हतं.

"अण्णा, हा माझा प्लेअर. मला न्यायचाय."

"उद्या काला झाला की ने."

"आत्ता पाहिजे. दहा मिनिटं बंद ठेवा, दुसरी सोय करतो."

"बंद?" अण्णांनी चष्मा काढला. "एकतीस वर्षं एकलहऱ्याला होतो. माझ्या पाळीत सेट कधी ट्रिप झाला नाही. इथं जप ट्रिप करू?"

"मग मोबाइल लावा. माझा घ्या."

"मागच्या वर्षी कॉलनीतल्या सनीचा लावला होता. बरोबर आरतीच्या आधी भोंग्यातून एक पोरगी बोलली, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय. अर्धी कॉलनी कागदपत्रं घेऊन देवळात आली."

"विमानवाल्या मोडवर ठेवतो ना."

"सनीनं पण ठेवला होता. उतरलं त्याचं विमान."

पेनड्राइव्ह लावावा, तर अँप्लिफायरला तसलं भोकच नव्हतं. मनोज घामानं भिजला. मग अण्णांनीच वाट दाखवली. "जिवंत माणसानं म्हटलं तर चालतंय. उलट जास्त पुण्य. तू म्हण, पहाऱ्याला दुसरा आला की ऊठ अन् यंत्र घेऊन जा. आठला रावजी आहे यादीत."

मनोजला ते पटलं. घाईतल्या माणसाला काहीही पटतं. त्यानं माइकला तोंड लावून 'रामकृष्ण हरी' म्हटलं, अण्णांनी वायर उपटली, प्लेअर त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला आणि गळ्यात वीणा अडकवली.

"ही खाली ठेवायची नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय उठायचं पण नाही."

आठ वाजले. रावजी आला, हात जोडले आणि गुडघे दुखतात म्हणाला. अण्णा म्हणाले, उभ्यानं म्हण. तर उभ्यानंच दुखतात म्हणाला आणि चालत निघून गेला. साडेआठला सविताकाकूंनी कुकर लावला होता. नऊला स्वतः अण्णांचा घसा आड आला, त्यात एकलहऱ्याची एकतीस वर्षांची राख होती.

मनोजनं हिशेब केला. वायर पुन्हा जोडली तर तो सुटतो आणि प्लेअर अडकतो. नाही जोडली तर प्लेअर सुटतो आणि तो अडकतो. दोघांनी एकदम गेट गाठायची सोय देवानं ठेवली नव्हती. खिशातलं यंत्र मोकळं होतं आणि त्याच्या जागी धनी वाजत होता.

सव्वानऊला त्याची बायको स्नेहल शोधत आली. त्यानं डोळ्यांनी खिसा दाखवला. "रामकृष्ण हरी, हा घे, रामकृष्ण हरी, गेटवर दे, रामकृष्ण हरी, वैष्णवीला."

"अहो, पण तुम्ही?"

"रामकृष्ण हरी," मनोज म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

स्नेहल स्कूटीवरून गेली. साहेब गाणी विसरले, असं सांगून तिनं प्लेअर सहादूकडे दिला. सहादूनं तो आपल्या हातानं मनोजच्या ज्युनियरकडे, वैष्णवीकडे पोचवला. आत काय आहे ते स्नेहलनं तिला फोनवर सांगितलं.

इकडे यंत्राऐवजी खरा माणूस जप करतोय, ही बातमी कॉलनीत पसरली. सहा दिवस देवळाकडे न फिरकलेल्या बायका बसकरं घेऊन आल्या. फुलाबाई पुढं बसल्या, यशोदाबाई लेकाकडे भरल्या डोळ्यांनी बघत बसल्या. मनोज एक ओळ म्हणायचा, बायका मागून ती म्हणायच्या.

पावणेअकराला जमिनीवर ठेवलेला मोबाइल वाजला. वैष्णवी. मनोजच्या एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळी. फुलाबाईंनी फोन उचलला, दिसेल ते बटण दाबलं आणि त्याचं तोंड आणि माइक यांच्या मधोमध धरला.

"सर, नुसती भजनंच दिसतायत," भोंग्यातून वैष्णवी अख्ख्या कॉलनीशी बोलली. "प्रोग्राम कुठंय?"

मनोजनं डोळे मिटले. "रामकृष्ण हरी. भजने उघड."

"रामकृष्ण हरी," बायका म्हणाल्या. "भजने उघड."

"त्यात काकडा."

"त्यात काकडा."

"त्यात फायनल नको, फायनल दोन नको."

"फायनल नको, फायनल दोन नको." टाळ्यांचा ठेका धरला गेला. मागं कुणीतरी झांजाही काढल्या.

"खरं फायनल ते घे."

"खरं फायनल ते घे."

फुलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "किती खोल अर्थ हे बघ. आपण सगळे फायनल दोनमध्येच अडकतो."

"सापडलं सर," वैष्णवी म्हणाली. "सर, हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर आहे. देवरे साहेब इथंच आहेत. पुण्याचे लोक पण."

मनोजची चिपळी थांबली. जप थांबला नाही, कारण बायका 'खरं फायनल ते घे' म्हणत राहिल्या होत्या आणि अण्णा त्यांना रामकृष्ण हरीवर आणत होते.

पुढचा दीड तास मनोजनं चार वर्षांची नोकरी गेली असं धरून जप करत काढला. उठावं तर गळ्यात वीणा. फोन करावा तर माइक. पळावं तर दारात अण्णा खुर्ची टाकून बसलेले. समोर बायकांमध्ये त्याची सख्खी आई, तीही पुढची ओळ मागत होती.

साडेबाराला देवरे साहेबांचा फोन आला. फुलाबाईंना आता सवय झाली होती.

"गायधनी," भोंगा गरजला, "झाकण ओके आहे. पार्टी खूश आहे. पर्मनंटचं लेटर सोमवारी घेऊन जा."

यशोदाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"आणि मेमोही सोमवारीच घेऊन जा. कंपनीचा डेटा भजनात घालून बाहेर नेला म्हणून. दोन्हीवर सही करायची."

"रामकृष्ण हरी, साहेब."

"ते ऐकतोय मी कधीपासून. आणि तुमचा प्लेअर सहादूनं जप्त केलाय. कापडात घालून पोतं शिवतात तसा शिवून सील केला. फार दुखावलाय तो. म्हणतो, मी यांना गाणी ऐका म्हणायचो."

"साहेब, रामकृष्ण हरी, तो प्लेअर इथं लागतोय. तो आला तरच मी उठणार, रामकृष्ण हरी."

"सोमवारी," देवरे साहेब म्हणाले आणि फोन कट झाला.

मग निवृत्ती अण्णा खुर्चीवरून उठले. अँप्लिफायरजवळ पडलेली पुठ्ठ्याची पाटी त्यांनी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मनोजच्या मांडीला टेकवून ठेवली.

"उद्या दहाला काला आहे," ते म्हणाले. "पाणी हवं असलं तर मान हलव."