भरीव आई

भोंग्याचा आवाज आधी वर्गात शिरायचा आणि ती मागाहून, म्हणून तर तिचं नाव भोंगा पडलं. वाचनालयाच्या तळघरात बाई सुट्टीच्या दिवसांत रोज मातीकाम शिकवायच्या. लहान आणि मोठी मुलं एकाच लांब टेबलाभोवती बसत. यंदा बाईंचा खांदा आखडला आणि त्यांनी भोंग्याला हाक मारली. "आजपासून हे लिंबूटिंबू तुझे. आणि भट्टीही तूच भरायचीस."

भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कालपर्यंत पालथे डबे ठोकत बसणारी ती, आता एप्रन बांधून कमरेवर हात ठेवून फिरायला लागली. "ए, माती मळ, कुरवाळू नकोस! तिला काय झोपवायचंय?" पोरं खिदळायची, पण ऐकायचीसुद्धा. तिला कुणी ऐकतंय, हेच तिला नवीन होतं.

मातीकामात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. भरीव वस्तू भट्टीत टिकत नाही. जाड मातीच्या आत पाणी दडून बसतं, वरून ती कितीही कोरडी ठणठणीत दिसो. भट्टी तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ती वस्तू फोडून बाहेर पडते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन. म्हणून वस्तू जराशी कडक झाली की ती तारेने मधोमध कापायची, आतली माती चमच्याने कोरायची आणि दोन्ही भाग पुन्हा चिकटवायचे. वर्गात याला 'पोट काढणं' म्हणत. हत्तीचं पोट काढ, बसचं पोट काढ. मोठ्यांतल्या टकल्याने तर मुख्याध्यापकांचा पुतळा करून त्यांचंही पोट काढलं होतं. वर म्हणाला, "तरी बरंच उरलं, बाई."

त्या दिवशी भोंगा तार घेऊन एकेकाकडे जात मुंगीपाशी आली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी. बोलायची कमी, पण हात मात्र सोन्याचे. तिने एक बाई केली होती, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, मान किंचित वाकडी, जणू कुणाचं तरी ऐकतेय.

"अगं, काय झकास! कोण ही?"

"आई."

"वा! चल, आता आईचं पोट काढूया!" भोंगा नेहमीच्या सुरात गरजली आणि तिने तार ताणली.

मुंगीने दोन्ही हातांनी मूर्ती झाकली. ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "नको. दवाखान्यात पण काढलं होतं. मग ती आलीच नाही."

भोंग्याच्या हातातली तार तशीच राहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दाराशी मुंगीचे बाबा रोज उभे राहायचे आणि आई कधी यायची नाही, एवढं डोळ्यांसमोर असूनही तिने कधी विचारलं नव्हतं. जीभ कापून टाकावीशी वाटली तिला.

"नाही काढायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "अजिबात नाही. अशीच भाजू आपण."

"फुटणार नाही ना?"

इथे खरं सांगायला हवं होतं. न भाजता ठेवली तर कच्ची राहील, पाणी लागलं तर विरघळेल, पण असेल तरी. हेही सांगता आलं असतं. पण मुंगी तिच्याकडे अशी बघत होती की भोंग्याच्या तोंडून निघून गेलं, "छे! मी आहे ना."

तिने मूर्ती तळघरातल्या गरम पाण्याच्या पाइपाजवळ वाळत ठेवली. रोज जाऊन गालाला लावून बघायची. गार लागली तर ओल आहे, असं बाईंनी शिकवलं होतं. शेवटी ती गार लागेनाशी झाली. वाफेला वाट म्हणून खालून विणकामाच्या सुईने एक भोकही पाडलं होतं, मुंगी नसताना. मग वाटलं, जमलं. आपल्याला आता मातीतलं कळतं.

भट्टी भरताना बाई वर जिन्यात होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "सगळ्यांची पोटं काढलीस ना गं?"

"हो, बाई!"

सकाळी झाकण उघडलं तेव्हा आत ढिगारा होता. हत्तीची सोंड बसच्या चाकात, घराचं छप्पर कुठल्या कुठे. मधल्या फळीवर तर सगळा भुगाच. बाईंनी त्यातून एक ढेकूळ उचललं, मुठीएवढं, आतून पोकळी नसलेलं. बोटांत फिरवून बघितलं.

"भरीव," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

पोरं आली, ढिगारा बघून रडारड सुरू झाली. टकल्या मोठ्या माणसासारखा म्हणाला, "कुणीतरी भरीव ठेवलं असणार. एक भरीव राहिलं की सगळ्यांना घेऊन बुडतं."

"कुणी ठेवलं?" ज्याचं घर फुटलं होतं तो पोरगा डोळे पुसत फुत्कारला.

भोंग्याने तोंड उघडलं. भट्टी बिघडली म्हणावं का, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. तेवढ्यात मुंगी टेबलाशी आली आणि म्हणाली, "माझ्या आईचं काढलं नव्हतं."

"म्हणजे मुंगीच्या आईने फोडलं सगळं!" तोच पोरगा म्हणाला.

"तिच्या आईने नाही!" आता मात्र भोंगा अशी ओरडली की दाराशी उभे असलेले मुंगीचे बाबाही दचकले. "मी फोडलं. मला माहीत होतं भरीव फुटतं. बाईंनी विचारलं तर खोटं बोलले. तिच्या आईचं नाव घ्यायचं नाही कुणी!"

मुंगी ढिगाऱ्यात काहीतरी शोधत होती. गुडघ्यावरचा एक हात सापडला, तो तिने बाजूला ठेवला. बाकी काही ओळखू येईना.

"पोट काढलं असतं," तिने मान वर न करता विचारलं, "तर राहिली असती?"

भोंग्याने दाराकडे बघितलं. बाबांनी नजर खाली वळवली. खोटं बोलणं किती सोपं होतं, आणि किती दयाळूही वाटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "ही मातीची राहिली असती."

मुंगीने बोटांची धूळ फ्रॉकला पुसली.

"मग मला सांगायचं ना. मी काढू दिलं असतं."

बाबांनी आत येऊन तिचं बोट धरलं. तो मातीचा हात तिने बरोबर नेला नाही.