फुगलेलं दार

हॉटेलात किंवा आगगाडीत काळ्या माणसाला समोरच्या दारातून अडवलं तर दंड, असा कायदा आमदार अबसालोम गिबिसने दक्षिणेतल्या आपल्या राज्याच्या राजधानीत, कोलंबियाच्या विधानसभेत तावातावाने भांडून मंजूर करून घेतला होता. आणि आज शाळेच्या जागेचं बोलायला जुन्या मालकाच्या घरी आल्यावर हा गडी वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

डॉर्कसने कपाळावर हात मारला. वाटभर ती नवऱ्याचं भाषण ऐकत आली होती.

"अहो आमदार, तिकडे कुठे?"

"पाय आपोआप वळले गं," तो ओशाळून म्हणाला. "अर्धा जन्म गुलामीत गेला या दाराशी."

"लोकांनी तुमच्या पायांना नाही, तुम्हाला निवडून दिलंय. या इकडे."

ती पायऱ्या चढून पुढचं दार ठोठावू लागली. कुणी उघडेना, तसा तिचा हात आणखी जोरात पडू लागला. शेवटी थॉर्नवेल मालक स्वतःच मागून वळसा घालत आले, कोपरावर फाटलेल्या कोटात.

"ते दार उत्तरेशी झालेल्या लढाईपासून फुगून बसलंय, डॉर्कस. आता आम्हीसुद्धा मागूनच ये-जा करतो. चल रे, अबसालोम."

अबसालोम निघालाच होता. डॉर्कसने त्याची बाही धरली.

"थॉर्नवेलसाहेब, तुम्ही आत जाऊन ओढा. आमदार बाहेरून ढकलतील."

अबसालोमने टोपी डोक्यावर चढवली आणि दाराला खांदा लावला.