सैल केलेली शिवण

माझा नवरा शिंपी आहे, आणि शिंप्याचा एक धर्म असतो: गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. कुणी सुटलेलं असो, कुणी वाळलेलं असो, टेप फिरवायची आणि "होईल" म्हणायचं. दुकानात ठीक आहे. यांनी तो धर्म घरी आणला.

आमची मुलगी वाळत चालली होती तेव्हा ती एकेक कपडा यांच्यासमोर ठेवायची आणि हे मुकाट्यानं दोन्ही बाजू आत घ्यायचे. कपडा कायम अंगाबरोबर, त्यामुळे कुणाला काही खटकलंच नाही. शेवटी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा हॉस्पिटलात आजाराचं नाव कळलं, अ‍ॅनोरेक्सिया. भूक असते पण खायची भीती वाटते, असं डॉक्टरांनी समजावलं. मी म्हटलं, भीती वाघाची वाटावी, भाताची कसली? ते हसले नाहीत.

बरेच दिवस वॉर्डात ठेवून त्यांनी तिला घरी सोडलं, ते एका अटीवर. वजन घसरलं तर परत दाखल. वॉर्डाच्या सिस्टरांनी आम्हाला समोर बसवून बजावलं होतं की ताटावर वाद घालायचा नाही, आमिष दाखवायचं नाही, शेजारी बसून राहायचं. ऐकायला सोपं आहे हो. एका बटाट्यापायी पोटच्या पोरीकडून काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. ती भात चिवडत बसायची आणि मी दातांवर दात रोवून.

आणखी एक गोष्ट सिस्टरांनी सांगितली होती. कपडे घट्ट व्हायला लागतील, तो दिवस तिला फार जड जाईल. तेव्हा लपवाछपवी नको. तिच्याशी बोला, जुने कपडे तिच्यासमोर काढून टाका, नवे घ्या. हे मान डोलवत होते. मला वाटलं, ऐकताहेत.

वजन वाढत होतं आणि कपडे मात्र घट्ट होईनात. मी मूर्ख, देवाचे आभार मानत होते. प्रत्यक्षात पोर दुपारी झोपली की हे तिच्या कपाटातले कपडे घेऊन बाजू सैल करत होते.

शिंप्याची पोर ती, तिला किती दिवस फसवणार? आत दुमडलेल्या कापडाचा रंग विटलेला नसतो. तिच्या निळ्या शर्टाच्या बाजूला गडद पट्टी आणि तिच्या कडेनं जुन्या टाक्यांची भोकं. जेवताना तिनं तो शर्ट ताटाशेजारी ठेवला.

"तुला त्रास नको म्हणून," हे म्हणाले.

माझा तोल गेला. सिस्टरांनी घसा कोरडा करून सांगितलं ते काय भिंतीला सांगितलं का, असं मी बोलून बसले. ताटावर वाद घालायचा नाही हा नियम तर मीच मोडला. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"मी बारीक होत होते तेव्हा तू काही बोलला नाहीस, बाबा. आता जाड होतेय तेव्हाही नाही. मग माझ्याकडे बघतं कोण?"

"बघत होतो गं. रोज बघत होतो."

"मग बोलायचं ना."

ताट तसंच राहिलं. सकाळचंही राहिलं. मी विनवण्या केल्या, चिडले, रडले, यांनी तर पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पुढच्या तपासणीला वजन घसरलेलं निघालं. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात, तीही प्रेमापोटी! कुणावर ओरडावं तेही कळेना.

तरी मी सिस्टरांपुढे हात जोडले, अजून एक संधी द्या म्हटलं. त्या काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "मला दाखल करून घ्या."

मी म्हटलं, "अगं, तिथं पाठमोरी उभी करून वजन करतात म्हणून किती रडायचीस तू. आकडासुद्धा सांगत नाहीत."

"सांगत नाहीत," ती म्हणाली, "पण सांगणार नाही हे तोंडावर सांगतात."

आणि आमच्याकडे न बघता ती सिस्टरांच्या मागोमाग आत गेली.