बोरन्हाणातला मेजोरॉन

"बच्ची को काला फ्रॉक?" समोरच्या आंटी दारातच थबकल्या.

"हमारे में संक्रांत को काला ही पहनाते हैं," आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठणकावलं आणि अबोलीच्या गळ्यात हलव्याचा हार घातला.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये लेकीचं बोरन्हाण चाललं होतं आणि माझं लक्ष फोनकडे. संध्याकाळपर्यंत माझ्या गाइडना, मॅडमना, कळवायचं होतं. सोमवारपासून संशोधनाला परत येतेय, की जागा दुसऱ्या कुणाला द्यायची? आई बुधवारी पुण्याला निघणार होत्या. क्रेशमध्ये जागा नव्हती. त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

अबोलीला पाटावर बसवून आईंनी तिच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतल्या. आंटींची नातवंडं झेपावली.

"रुको! पहले बेबी लेगी."

बेबी मधोमध, चहूबाजूंनी सारखाच खाऊ. ती हललीच नाही.

"गोंधळली गं," आई म्हणाल्या.

"तिला सगळ्या दिशा सारख्याच आहेत ना. आम्ही त्याला सममिती म्हणतो." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"बरं, मग?"

"तिनं एका बाजूचं काही उचललं की ती मोडली. तशीच एक सममिती मोडली, म्हणून न्यूट्रिनो नावाच्या कणाला वजन आलं असावं. आणि ती मोडताना एक अगदी हलकी लहर मागे राहते. तो मेजोरॉन. मी त्याच्याच मागे होते."

"सापडला?"

"कुणालाच नाही अजून. असेलच असंही नाही."

अबोलीनं डावीकडचं बोर धरलं. तोंडात जायच्या आत मी ते काढून घेतलं, तर भोकाड. पोरं खाऊवर तुटून पडली.

त्या गलक्यात आई म्हणाल्या, "मग अर्ध्यात का सोडतेस, वल्लरी?"

"हिला कोण बघणार?"

"मला विचारलंस?"

"बाबा तिकडे एकटे..."

त्यांनी फोनच लावला. "अहो, मी होळीपर्यंत इथंच आहे. कुकर लावायला शिका. नाही, तब्येत छान आहे. सुनेला काहीतरी शोधायचंय. दागिना नाही हो! दिसत नाही म्हणे ते. मला काय विचारता, तिलाच विचारा."

मी मॅडमना 'येते' एवढंच लिहिलं. मांडीवर चढून अबोली चिकट बोटांनी स्क्रीन बडवत होती.