न भरणारी टाकी

"आता हे सांगितलं तर कुणाच्या बापाला पटायचं नाही," मिस्त्रीकाका खाटेवर बसून मांडीवर थाप मारत म्हणाले, "पण चौदा वर्षांत माझी संडासाची टाकी एकदाही उपसलेली नाही. घरात सहा माणसं, वर पाहुणेरावळे. टाकी आपली उपाशीच!"

शहराच्या कडेच्या त्या पत्र्याच्या वस्तीत निम्म्या टाक्या काकांच्या हातच्या, आणि सगळ्या अशाच उपाशी. गिऱ्हाइकं खूश, काकांची कॉलर ताठ. आज मात्र मैला उपसणारा टँकर गल्लीत शिरला होता. वस्तीतली अकरा पोरं जुलाबानं दवाखान्यात पडली होती, त्यांत काकांची नातही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी टाक्या उघडून बघा.

टँकरवाल्यानं पहारीनं काकांच्या टाकीचं झाकण उचकटलं आणि बांबू आत सोडला. बांबू जातच राहिला. वर आला तो टोकाला ओली वाळू घेऊन.

टँकरवाल्यानं नाकावरचा रुमाल खाली ओढला. "अहो काका, चौदा वर्षांचं गेलं कुठं?"

गल्ली जमली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण जिभेला जुनी खोड. "गांडुळं पाळलीत आत. मनगटाएवढी! सगळं फस्त करतात. एकदा माझी चप्पल पडली, तीसुद्धा..."

"एका पायाचीच खाल्ली की जोडी?" शेजारीण म्हणाली, आणि चारजण हसले.

हसता हसता तिनं पिण्याच्या पाण्याची कळशी गल्लीतल्या हातपंपाखाली सरकवली. काकांची नजर त्या आवाजानं तिकडे वळली. टाकीपासून पंप बारा पावलांवर. चौदा वर्षांत ती पावलं त्यांनी कधी मोजली नव्हती. माती सगळं पोटात घेते, एवढंच ते धरून चालले होते.

"त्या गांडुळांतलं एक... एक आंधळं होतं," ते म्हणाले. "वासावर यायचं बिचारं..."

लेकीचे धुतलेले कपडे न्यायला दवाखान्यातून आलेली सून दारात उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"खोटं बोलताय, मामंजी. टाकी बांधली तेव्हा नवी नवरी होते, सिमेंटची घमेली मीच उचलून दिली होती. चारही भिंतींना दिली. तळासाठी तुम्ही एकही मागितलं नाही."